गोव्यातील बौद्ध गुंफा एका दिवसात पाहायच्या असतील तर

म्हापसावासी यांचा प्रश्न

सप्रेम नमस्कार. वैशाख पौर्णिमेच्या सुमारास छत्रपती संभाजीनगरहून माझी बालमैत्रीण सहकुटुंब आमच्याकडे राहायला येत आहे. ही मंडळी बौद्ध आहेत. अजिंठा आणि वेरूळ त्यांच्या घरच्यासारखे, आणि पितळखोऱ्याची उतरणसुद्धा तिच्या सासऱ्यांनी उतरलेली आहे. गोव्यातले किनारे व चर्च मुलांसाठी दाखवूच, परंतु एक पूर्ण दिवस इथल्या प्राचीन बौद्ध स्थळांसाठी राखून ठेवावा, अशी सासऱ्यांची मनापासून इच्छा आहे.

हरवळ्याच्या गुंफा मी शाळेच्या सहलीत पाहिल्या होत्या आणि त्या वेळी ‘पांडवांच्या गुंफा’ एवढेच आम्हाला सांगण्यात आले होते. लामगाव, खांडेपार आणि रिवण ही नावे केवळ ऐकून आहे. ही चारही ठिकाणे म्हापशाहून निघून एका दिवसात होतील का? सासरे सत्तरी ओलांडलेले आहेत. चालतात उत्तम, पण घसरड्या पायऱ्यांची धास्ती वाटते. आणखी एक गोष्ट मोकळेपणाने विचारते: ही स्थळे खरोखर बौद्ध आहेत, असे त्यांना छातीठोकपणे सांगता येईल का? तिथे बसून त्यांनी त्रिशरण आणि पंचशील म्हटले, तर कोणाच्या भावना दुखावतील का? इतक्या दुरून श्रद्धेने येणाऱ्या माणसांना चुकीचे काही सांगावे असे वाटत नाही, म्हणून जाणकारांनी सविस्तर लिहावे.

डिचोलीचा शिक्षक यांचे उत्तर

ताई, चारही ठिकाणे एका दिवसात उरकता येतील, पण पाहून होणार नाहीत. लामगाव, हरवळे आणि खांडेपार ही तीन एका दिशेला आहेत. रिवण सांगे तालुक्यात, म्हणजे तुमच्यापासून गोव्याच्या दुसऱ्या टोकाला. सत्तरीच्या माणसाला वैशाखातल्या उन्हात इतका वेळ गाडीत बसवून प्रत्येक गुंफेपाशी घाई करायला लावण्यापेक्षा पहिली तीन ठिकाणे निवांत पाहावीत आणि रिवणसाठी वेगळा दिवस काढावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाहुणे अजिंठ्याच्या प्रदेशातून येत असल्यामुळे एक गोष्ट निघण्यापूर्वीच त्यांना सांगा. तिथला दगड काळा कातळ आहे. त्यावर छिन्नीने पापणीची कड आणि बोटांची पेरेसुद्धा काढता येतात. आपल्याकडचा दगड जांभा. तो सच्छिद्र आणि भरड असतो, जमिनीतून नुकता उघडा पडलेला असताना तुलनेने मऊ असतो आणि वारा-ऊन लागल्यावर कठीण होत जातो. त्यामुळे खोली खोदायला तो सोयीचा आहे, मात्र त्यावर बारीक नक्षी धरत नाही आणि धरली तरी चार-दोन पावसाळ्यांत तिच्या कडा बोथट होतात. गोव्यातल्या गुंफा साध्या दिसण्यामागे दगडाचा हा स्वभाव मोठे कारण आहे. खोदणाऱ्यांची श्रद्धा किंवा कसब कमी होते, असा त्याचा अर्थ कोणी काढू नये. चैत्यकमानी, चित्रे, उंच स्तूप यांची अपेक्षा मनात ठेवून आलेला माणूस हरवळ्यातून पाच मिनिटांत बाहेर पडतो. तसे आलेले आणि तसेच परतलेले लोक मी पाहिले आहेत, आणि त्याचे मला फार वाईट वाटते.

सकाळी लवकर अस्नोडामार्गे डिचोलीला या आणि पहिल्यांदा लामगावला जा. डिचोली शहराला लागूनच हे गाव आहे. इथे जांभ्यात खोदलेल्या दोन गुंफा आहेत आणि त्यांपैकी मोठीत आज शिवलिंग व नंदी आहेत. गर्दी जवळजवळ नसते, त्यामुळे डोळे अंधाराला सरावेपर्यंत शांत उभे राहता येते. भिंतीवर हाताच्या पंज्याएवढ्या अंतरावरून विजेरीचा झोत तिरका टाका, म्हणजे हत्याराचे तिरपे घाव एकाखाली एक उतरत गेलेले दिसतील. समोरून प्रकाश टाकल्यास ते अजिबात दिसत नाहीत. दिव्यासाठी कोरलेल्या कोनाड्यांकडेही लक्ष द्या. शोभेचे काहीही नसलेल्या त्या खोलीत दिवसामागून दिवस राहणाऱ्या माणसाची गरज तिथे दिसते. भिक्षूंनी पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहावे, हा वर्षावासाचा नियम पाहुण्यांना ठाऊक असेलच. कोकणातला पाऊस ज्याने अनुभवला आहे, त्याला अशा कोरड्या खोलीचे मोल निराळे समजावून सांगावे लागत नाही.

तिथून साखळीजवळच्या हरवळ्याला जायला फार वेळ लागत नाही. या गुंफा साधारणपणे सहाव्या-सातव्या शतकातल्या मानल्या जातात. एका रांगेत खोदलेली पाच दालने, पुढे चौकोनी खांब आणि आत पिंड्या अशी रचना आहे. एका पिंडीवर ब्राह्मी लिपीतला संस्कृत लेख कोरलेला आहे. तो शोधताना बोटे फिरवू नका आणि मुलांनाही फिरवू देऊ नका, कारण जांभ्याचा पृष्ठभाग हाताने झिजतो. जवळच धबधबा आणि रुद्रेश्वराचे देऊळ आहे. रुद्रेश्वराच्या परिसरात दिवंगतांची उत्तरकार्ये होतात, त्यामुळे तिथे शोकातली कुटुंबे असू शकतात. फोटो काढताना त्याचे भान ठेवावे. मे महिन्यात धबधब्याला पाणी कमी असले तरी डोहात कोणीही उतरू नये.

जांभा यांचे उत्तर

शिक्षकांनी दगडाबद्दल लिहिलेले सगळे योग्य आहे. ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला मात्र त्यांनी हात घातलेला नाही, म्हणून मी लिहितो.

या गुंफा ‘खरोखर बौद्ध आहेत का’ याचे एका शब्दातले उत्तर पाहुण्यांना देऊ नका. हरवळ्याविषयी अभ्यासकांत दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो की मुळात इथे बौद्ध विहार होता आणि पुढे तो शैवांकडे गेला. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की ही दालने खोदली गेली तीच शिवपूजेसाठी. ग्रिटली फॉन मिटरवाल्नर या जर्मन विदुषींनी गोव्यातल्या गुंफांचा बारकाईने अभ्यास केला होता, आणि हरवळ्याच्या बाबतीत त्यांचा कौल ब्राह्मणी परंपरेच्या बाजूने होता. एका पिंडीचा माथा गोल चकतीसारखा, तर एकीचा भाल्याच्या पात्यासारखा आहे. हे आकार सूर्य आणि कार्तिकेय या देवतांशी जोडले जातात. त्याकडे दुर्लक्ष करून सरसकट ‘बौद्ध लेणी’ असा शिक्का मारणे मला पटत नाही.

मग पाहणाऱ्याने काय करावे? पाहुण्यांना विहारांची रचना तोंडपाठ असणार, तेव्हा त्यांनीच डोळसपणे तपासून पाहावे. दालन राहण्याजोगे आहे की केवळ गाभाऱ्याइतके? झोपण्याचा ओटा, खुंटीची खाच, दिव्याचा कोनाडा यांपैकी काय आहे? पिंडीची बैठक आणि खालची जमीन एकाच दगडातून एकसंध कोरलेली आहे की बैठक नंतर आणून बसवलेली दिसते? हे प्रश्न घेऊन हरवळ्यातून खांडेपारला गेल्यास दोन्हींतला फरक लगेच जाणवेल. एखाद्या गावात दोन परंपरा एकामागून एक नांदल्या, किंवा काही काळ शेजारी नांदल्या, हे कोकणात मुळीच नवलाचे नाही.

गोव्यात बौद्ध धर्म होता की नाही, या प्रश्नाला मात्र माझे निःशंक उत्तर ‘होता’ असेच आहे, आणि ते केवळ गुंफांवर अवलंबून नाही. प्राचीन काळी या भागावर राज्य करणाऱ्या भोज राजांचा हिरेगुत्ती येथे सापडलेला ताम्रपट बौद्ध संघाला दिलेल्या दानाची नोंद करतो, आणि याच भोजांची राजधानी आपल्या चांदोरला, म्हणजे जुन्या चंद्रपुरात होती. शिवाय 1930 मध्ये फादर हेन्री हेरास यांना बार्देशातल्या कोलवाळच्या मुशीर वाड्यावर बुद्धाची मूर्ती सापडली. ती आज मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील हेरास संस्थेच्या संग्रहालयात आहे. ताई, कोलवाळ तुमच्या म्हापशापासून किती जवळ आहे! पाहुण्यांना मूर्ती दाखवता येणार नाही, पण तो गाव अवश्य दाखवा. बार्देश, तिसवाडी आणि सासष्टीत सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली, तर डिचोली, फोंडा, सांगे हे भाग पोर्तुगिजांच्या ताब्यात अठराव्या शतकात आले. पूजेत असलेल्या गुंफा आज आपल्याला याच पट्ट्यात का दिसतात, याचा थोडाफार उलगडा या इतिहासातून होतो.

कुशावतीकाठ यांचे उत्तर

रिवण वेगळ्या दिवशी ठेवावे, या सूचनेला माझे पूर्ण अनुमोदन. मी या भागातलाच असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

मडगावहून तिळामळ, तिथून जांबावली आणि पुढे रिवण असा सरळ रस्ता आहे. जांबावलीला दामोदराच्या देवळात थांबून कुशावतीच्या काठी थोडा विसावा घेता येतो आणि आजोबांसाठी ते आवश्यकही आहे. रिवणच्या गुंफांनाही गावात पांडवांच्याच गुंफा म्हणतात. प्रवेशाजवळ मारुतीची उठावातली मूर्ती आहे. ती गुंफेच्या मानाने बरीच अलीकडची आहे. दगडात कोरलेल्या पायऱ्या, पाण्याचे छोटे कुंड आणि ठेंगण्या छताचा आतला भाग, असे एकंदर स्वरूप आहे. आत वाकूनच जावे लागते. विजेरीशिवाय कोणीही आत शिरू नये. वटवाघळे असतात आणि गारव्याला साप येऊन बसतात. आजोबांना बाहेरच्या पायऱ्यांपर्यंत आणून तिथेच बसवावे, हे उत्तम. तिथून गुंफेचे तोंड, पाणी आणि झाडी हे सगळे एकत्र दिसते, आणि पाण्याशेजारची ही जागा निवडणाऱ्याची दृष्टी कळते.

इतके दूर याल तर उसगाळीमळची कातळशिल्पे चुकवू नका. कुशावतीच्या पात्रालगत सपाट जांभ्यावर बैल, हरणे, मानवी आकृती आणि चक्रव्यूहासारखी मोठी वर्तुळाकृती कोरलेली आहे. ती बौद्ध नाहीत, प्रागैतिहासिक मानली जातात आणि गुंफांहून कितीतरी जुनी आहेत. पावसाळ्यात नदीचे पाणी चढले की तिकडे जाणे धोक्याचे असते. मे महिन्यात मात्र कातळ मोकळा असतो. त्यावरून चालताना पादत्राणे काढावीत आणि रेषांवर पाय देऊ नये. ठसठशीत फोटो यावा म्हणून काही जण रेषांत पाणी किंवा खडूची भुकटी भरतात. तो प्रकार कृपा करून कोणी करू नये.

वास्कोहून यांचे उत्तर

आम्ही स्वतः बौद्ध आहोत आणि या ठिकाणी आमचे जाणे-येणे असते, म्हणून वंदनेच्या प्रश्नावर लिहिते.

ताई, निर्धास्तपणे जा. लामगाव आणि हरवळे येथे लोक नित्य पूजा करतात, हे लक्षात ठेवून आत गेल्यावर प्रथम तिथे असलेल्यांना नमस्कार करावा आणि ‘आम्ही पाच मिनिटे शांत बसून वंदना म्हणू का’ असे विचारावे. आम्हाला आजवर कोणी नकार दिलेला नाही. उलट लामगावला एका आजीबाईंनी स्वतःची चटई आणून घातली होती. पिंडीसमोरच्या जागेत न बसता बाजूच्या भिंतीशी बसावे. मेणबत्त्या आणि अगरबत्त्या पेटवू नयेत, कारण धुराने दगड काळा पडतो आणि वटवाघळेही बिथरतात. फुले न्यायची झाल्यास परतताना ती आपणच उचलून आणावीत. आपली मूर्ती किंवा झेंडा तिथे ठेवून येण्याचा मोह काहींना होतो. त्यातून उगाच वाद निर्माण होतो आणि पुढच्या माणसाची वाट अडते, असे मला वाटते.

आजोबांना एक गोष्ट अवश्य सांगा. मज्झिम निकाय या पाली ग्रंथातल्या पुण्णोवाद सुत्तात पुण्ण नावाचा भिक्षू सुनापरांतात जाण्याची अनुमती मागतो, तेव्हा भगवान त्याला विचारतात की तिथले लोक उग्र आहेत, त्यांनी शिव्या दिल्या तर काय करशील? तो म्हणतो, मला हाताने मारले नाही म्हणून ते भले आहेत असे मी मानीन. मारले तर? दगड मारले नाहीत म्हणून भले मानीन. असे करत संवाद जिवावर बेतण्यापर्यंत जातो आणि पुण्णाची क्षमा कुठेही उणी पडत नाही. सुनापरांताचा संबंध सामान्यतः नालासोपाऱ्याशी लावतात, जिथला स्तूप भगवानलाल इंद्रजी यांनी 1882 मध्ये उत्खनन करून उजेडात आणला. गोव्यातले काही अभ्यासक त्या प्रदेशाची हद्द इथपर्यंत आणतात. हद्दीचा निकाल काहीही लागो, याच किनारपट्टीवर धम्म घेऊन आलेल्या माणसाची ही गोष्ट आहे. लामगावच्या गुंफेत बसून आम्ही ती मुलांना वाचून दाखवली, तेव्हा सगळ्यात धाकटा शेवटपर्यंत जागचा हलला नाही.

आमच्या वास्कोजवळच्या सांकवाळचाही उल्लेख करते. धर्मानंद कोसंबी यांचा जन्म 1876 साली या गावात झाला. बुद्धाचा धर्म मुळातून शिकायचा म्हणून त्यांनी 1899 मध्ये घर सोडले, नेपाळ आणि सिंहलद्वीप गाठले, 1902 मध्ये भिक्षूची दीक्षा घेतली आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली. मराठी घरांत पालीतला बुद्ध पोहोचला, त्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. प्राचीन स्थळांच्या यादीत सांकवाळ बसत नाही, हे मान्य. तरीही विमानतळाकडे जाता-येता तिथे क्षणभर थांबावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

म्हापसावासी

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. मैत्रिणीला हे सगळे वाचून दाखवले. पुण्णाची गोष्ट सासऱ्यांना पाठ आहे आणि लामगावला ती स्वतः सांगण्याचे त्यांनी ठरवले आहे. ‘जांभा’ यांचे प्रश्नही त्यांना फार आवडले. पहिल्या दिवशी लामगाव, हरवळे आणि खांडेपार, तर परतण्याच्या आदल्या दिवशी रिवण, असा बेत पक्का केला आहे. दोन शंका उरल्या आहेत. खांडेपारच्या गुंफा रस्त्यालगत आहेत की चालावे लागते? आणि मैत्रिणीच्या यजमानांनी मुंडगोडचा विषय काढला आहे. तेही याच प्रवासात बसवता येईल का?

डिचोलीचा शिक्षक

मुंडगोड या प्रवासात बसवू नका. ती उत्तर कन्नड जिल्ह्यातली तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. 1960च्या दशकात ती वसली आणि गांदेन व द्रेपुंग या मठांची तिथे नव्याने उभारणी झाली. हजारो भिक्षू जिथे आज अध्ययन करतात, अशी ती जिवंत जागा आहे, आणि तिथे मुक्काम करूनच जावे. भारतीय नागरिकांना परवाना लागत नाही. परदेशी पाहुण्यांना मात्र आधी काढावा लागतो.

खांडेपारसाठी साखळीहून उसगाव-तिस्कमार्गे या. फोंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच गाव लागतो. गुंफा रस्त्यावरून दिसत नाहीत. नदीच्या बाजूला कुळागर (पोफळी-नारळाची बाग) आणि झाडीतून पायवाटेने जावे लागते, म्हणून गाडी उभी केल्यावर गावात विचारूनच पुढे व्हा आणि वाट कोणाच्या कुळागरातून जात असल्यास आधी परवानगी घ्या. वाट सपाटीची आहे, पण पोफळीच्या पाण्याने ती ओली असते. आजोबांच्या हाती काठी द्या आणि पायांत पकड असलेले बूट असू द्या.

तिथे चार गुंफा आहेत. जांभ्याचे मोकळे उभे खडक आतून पोखरून दोन-दोन लहान खोल्या केलेल्या आहेत आणि वर चिऱ्यांचे थर पायरीपायरीने रचून शिखरासारखे छप्पर चढवलेले आहे. हे छप्पर दहाव्या-अकराव्या शतकातले, म्हणजे गोव्यावर राज्य करणाऱ्या कदंब राजांच्या काळातले मानतात. आतल्या खोल्या त्याहून जुन्या आणि मुळात भिक्षूंच्या असाव्यात, असे अनेकांचे मत आहे. ‘जांभा’ यांनी सांगितलेल्या खुणा, म्हणजे कोनाडे आणि खाचा, इथे सर्वांत स्पष्ट दिसतात. पहिल्या गुंफेच्या छतावर कोरलेले कमळ पाहायचे राहून जाते, कारण आत शिरणारा माणूस डोके आपटू नये म्हणून खाली पाहत असतो. आत गेल्यावर बसून घ्या, विजेरी जमिनीवर ठेवून झोत वर करा, आणि मग पाहा. जांभ्यात एवढी रेखीव पाकळी गोव्यात फार थोड्या ठिकाणी टिकली आहे.

खांडेपारला दुपारी तीनच्या आत पोहोचावे. झाडी दाट असल्यामुळे तिथे प्रकाश लवकर उतरतो, आणि डास त्याहून लवकर येतात. जेवण त्याआधी साखळीत करून घ्या. उसगावच्या पट्ट्यात खनिजवाहू ट्रकांची रांग लागली तर अर्धा तास त्यात जातो, तेवढा वेळ हाताशी ठेवूनच हरवळ्याहून निघावे.